माळाची हीर

पाइपाच्या तोंडाला फेस आला होता. धुण्याच्या पाण्याला येतो तसा पांढरा, पण कडेला पिवळट. वाऱ्याची झुळूक आली की त्याचे गोळे सुटायचे आणि मेथीच्या वाफ्यावर जाऊन बसायचे. अनसाबाई पाटात उभी राहून दारं धरत होती. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. घोट्यापर्यंत पाय त्या पाण्यात. वासाची तिला सवय होती. दर उन्हाळ्यात तो असाच वाढायचा.

पुण्याची माणसं आज शेत बघायला आली होती. बांधावर टोप्या घालून उभी होती, पोरं ढेकळं फोडत होती, आणि अनसाबाईचा नवरा हनुमंत त्यांना गवार दाखवत होता. त्यांच्यातली अनुपमा पाटाच्या कडेनं चालत अनसाबाईपाशी आली. फेसाच्या गोळ्याकडं बघत उभी राहिली.

"मावशी, हे पाणी कुठलं?"

"नदीचं," अनसाबाई म्हणाली. खोरं थांबलं नाही. "तुमच्याकडनं येतंय."

"आमच्याकडून?"

"पुण्याकडनं. तुमी तिकडं सोडता, ते नदीनं खाली येतं. आमी लिफ्टनं, मोटर लावून, वर माळाला ओढतो. ह्याच्यावर भाजी करतो, आन् ती पुन्यांदा तुमच्याकडं जाती."

रस्ता विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं तिनं सांगितलं. त्यात ना राग होता, ना टोमणा. पण अनुपमाचा चेहरा उतरला. गवारीच्या वाफ्यात हनुमंताचा हात तसाच थांबला. माणसं गाडीत बसली, जाताना हात हलवले, आणि गाडी धूळ उडवत खुटबाव गावातून पुण्याच्या रस्त्याला लागली.

ही ओळख वरवंडच्या हमरस्त्यावर झालेली. अनसाबाई तिथं कडेला पोतं टाकून भाजी विकायची. येता-जाता थांबणारी अनुपमा एक दिवस म्हणाली, आमच्या गल्लीतली घरं मिळून तुमची भाजी घेतो. हंगामाचं आधीच ठरवून टाकू. दर आठवड्याला जे पिकेल ते पिशवीत घालून द्या. जास्त आलं तर जास्त, कमी आलं तर कमी, आणि बुडालं तर सगळ्यांचं मिळून बुडालं. तेव्हा अनसाबाई पदर तोंडाला लावून हसली होती. चढतीत सगळेच भागी होतात. बुडतीत भागी होणारं माणूस तिनं तोवर पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर हनुमंतानं टोपी खुंटीला अडकवली नाही, फेकली.

"कॅनॉलचं म्हणली असतीस तर जीभ झडली असती का तुजी?"

"त्यांनी इचारलं, मी सांगितलं."

"इचारलं म्हणून सांगायचं? वरीसभर जोडलेली मानसं एका वाक्यात घालीवलीस."

"खोटं बोलाय मला त्या टायमाला सुचलंच न्हाई," अनसाबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं. ती चुलीपाशी गेली आणि पीठ मळायला बसली. पीठ जरा जास्तच मळलं गेलं.

पिशव्यांचा दिवस आला. पुण्याहून फोन आला नव्हता, पण भाजी कुणाच्या फोनसाठी थांबत नाही. उजाडायच्या आत दोघांनी मेथी उपटली, भेंडी तोडली, कांदापातीच्या जुड्या बांधल्या. टेंपो आला. एरवी हनुमंत पुढं ड्रायव्हरशेजारी बसून जायचा. त्या दिवशी तो गोठ्याकडं वळला.

"मी न्हाई जात. बोललीस तू, तोंडबी तूच दाखीव."

अनसाबाईनं हातपाय धुतले, धुवट लुगडं नेसली आणि टेंपोत बसली. पुण्याला ती पूर्वी गेली होती ती दवाखान्यात, सासऱ्याला घेऊन. ही गल्ली तिनं कधी पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना चार-चार मजली बिल्डिंगा, मध्ये गुलमोहर, एका बिल्डिंगखाली गाड्या लावायची जागा. तिथं माणसं जमलेली होती. तिनं आणि ड्रायव्हरनं पिशव्या उतरवून भिंतीशी मांडल्या. एकही हात पिशवीकडं आला नाही. आपली भाजी अशी लोकांसमोर पडून राहिलेली पाहताना तिला उघडं पडल्यासारखं वाटलं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

एक तरुण बाई पुढं आली. कडेवर मूल होतं. "मावशी, तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली, "पण हिला मी हे नाही खाऊ घालू शकत. मी ह्यातून बाहेर पडते."

"बरोबर हाय, बाई," अनसाबाई म्हणाली. "आमी बी हीच खातो. आमच्या नातवंडांनी बी हीच खाल्ली. पर तुमचं बरोबर हाय."

आणखी दोघं-तिघं हळूच जिन्याकडं गेले. मग खुर्चीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ बोलले. त्यांच्या हातात काठी होती. "बाजारात जाऊन आणाल ती कुठल्या पाण्यावरची असते, कुणी विचारलंय कधी? ह्या बाईंनी निदान सांगितलं. आणि पाणी आपल्याच न्हाणीतलं आहे."

बराच वेळ बोलणं चाललं. अनसाबाईला सगळं कळत नव्हतं. शेवटी अनुपमा तिच्याशेजारी येऊन पायरीवर बसली.

"मावशी, तुमच्याकडं दुसरं पाणी नाहीच का? नदीचं सोडून?"

"माळावर जुनी हीर हाय. बुजलेली."

"तिला पाणी होतं?"

"मी लग्न होऊन आले तवा आमची सगळी मेंढरं तिच्यावर पाणी प्यायची."

अनुपमा उठून परत त्या लोकांत गेली. आल्यावर म्हणाली, "उघडा ती विहीर. तोवर आम्ही थांबतो. पाऊसकाळ गेला तरी थांबतो."

"आन् भाजी?"

"भाजी नको. तुमचे ठरलेले पैसे तुम्हाला मिळत राहतील. बुडालं तर सगळ्यांचं, असंच ठरलं होतं ना आपलं?"

अनसाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग त्या म्हाताऱ्याकडं, मग बाकीच्या उभ्या माणसांकडं. कुणी चपलेनं जमीन उकरत होतं, कुणी फोनवर होतं. साधी माणसं. आपण मोठं काही केलं असं त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडावर नव्हतं. तिच्या अंगावर मात्र सरसरून काटा आला. तिनं आणि ड्रायव्हरनं पिशव्या परत टेंपोत चढवल्या.

ती भाजी त्या दिवशी म्हशींनी खाल्ली.

*

माळावरची हीर कुणी खणली ते खुटबावात कुणाला सांगता येत नाही. अनसाबाईचा सासरा मेंढरं घेऊन ह्या मुलखात हिंडायचा तेव्हा ती होतीच. हीर जयसिंगरावांच्या घराण्याची. पण धनगराच्या कळपाला त्यांनी कधी अडवलं नाही. पुढं सासऱ्यानं मेंढरं मोडली आणि माळाचा तुकडा विकत घेतला. खरेदीखतात हिरीचा निम्मा हिस्सा लिहून घेतला. मग नदीवरून लिफ्ट आली, पाणी बटणावर आलं, आणि हिरीकडं बघायचं कुणाला कारण उरलं नाही. जयसिंगरावांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा जुन्या घराचा सगळा राडारोडा तिच्यात लोटून दिला. वर उसाचं पाचट टाकलं.

त्यामुळं जयसिंगरावांकडं जाणं भाग होतं. हनुमंत कुरकुरत निघाला, पण निघाला. गल्लीत काय झालं ते ऐकल्यापासून त्याची गत विचित्र झाली होती. "येडी हायत का ती मानसं?" असं दिवसातनं दोनदा म्हणायचा आणि विचारात पडायचा.

जयसिंगराव पडवीत खुर्चीवर बसले होते. हे दोघं खाली अंगणात उभे राहिले. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर वर्तमानपत्र होतं. ते कुणी उचललं नाही.

"हिरीत काय गाडलंय का तुजं, हनुमंता?" जयसिंगराव फोनमधून मान वर न करता म्हणाले. "ती जागा मी शेडला धरलीय."

"निम्मा हिस्सा हाय आमचा, जयसिंगराव."

"खड्ड्याचा हिस्सा हाय. खड्डा घिऊन काय करणार? लिफ्टचं पानी नासलं का तुमाला? आमचा सगळा ऊस त्याच्यावर हाय."

"पुण्याची मानसं ती भाजी खाईनात," हनुमंत म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज खाली गेला.

"मग त्यांना म्हनावं, घान सोडू नका." जयसिंगराव हसले. हनुमंतही कसंनुसं हसला. नवऱ्याचं ते हसू अनसाबाईला बघवेना. तिनं मान फिरवली.

आतून चौकटीला धरत धरत साखरबाई आली. जयसिंगरावांची आई. पाठ पार वाकलेली, डोळ्याला जाड भिंगं.

"कोन हाय? अनसा का गं? कुठल्या हिरीचं म्हंतीयास?"

"माळावरल्या, काकी. उपसायची म्हंतोय."

म्हातारी तशीच उभी राहिली. मग लेकाकडं वळली. "त्या हिरीचं पानी डोक्यावर आनून मी तुमाला वाढीवलं, जयसिंगा. लिफ्ट आल्यापस्नं मला पान्याला चवच न्हाई."

"आई, तू आत जा."

"जाती. आदी ऐक. निम्मी हीर तिची हाय का न्हाई? हाय ना? मग तुज्या घराचा दगूड तिच्या निम्म्यात बी पडलाय. तेवढा तू काढून दे. न्हाईतर तिला काढू दे."

जयसिंगरावांनी फोन ठेवला. आईपुढं त्यांचं फार चालायचं नाही, हे सगळ्या आळीला माहीत होतं. "काढा," ते म्हणाले. "पानी लागलं तर निम्मं माजं. न्हाई लागलं तर खड्डा तुमी बुजवून द्यायचा. मातीनं, वरपतुर."

*

भिमाची यारी आली. हिरीतून गाळ वर ओढायचं लोखंडी यंत्र, त्याला डिझेलचं इंजिन आणि दोराला लोंबणारी बादली. भिमा स्वतः सुकलेल्या बाभळीसारखा काटक माणूस. सुरुंगाच्या कामानं त्याचा एक कान गेलेला, दुसरा अर्धा. म्हणून त्याच्याशी बोलायचं ते हातानं. मूठ मिटली की थांब, पंजा वर केला की ओढ.

पहिले काही दिवस जयसिंगरावांचं जुनं घर वर येत राहिलं. कौलं, मातीचे भेंडे, कुजलेल्या तुळया, एक जातं, न्हाणीचा दगड. मध्येच पाचटाचा थर लागला, चहाच्या चोथ्यासारखा काळा झालेला. त्याच्यात खताच्या गोण्या, बाटल्या, कधीकाळच्या एका बैलाची हाडं. वास असा की भिमाची माणसं तोंडाला फडकी बांधून उतरायची. अनसाबाई आणि हनुमंत वर बादली रिकामी करायचे, पाट्या भरायचे, बांधापलीकडं ओतायचे. चैत्राचं ऊन डोक्यात शिरायचं. संध्याकाळी अनसाबाईला मूठ वळता यायची नाही. भाकरी थापायची ती तळव्यानं नाही, मनगटानं.

रविवारी पुण्याची माणसं आली. बघायला नाही, कामाला. भिमानं त्यांना ओळीनं उभं केलं आणि पाटी हातोहात जाऊ लागली. दुपारपर्यंत त्यांच्या हातांना फोड आले. काठीवाले म्हातारे बाभळीच्या सावलीत बसून सगळ्यांना पाणी देत होते. अनुपमाचं नाक उन्हानं सोललं होतं. कुणी दमून बसलं की दुसरा त्याची जागा घ्यायचा, आणि हनुमंत ते तोंड उघडं टाकून बघायचा.

"ह्यांना मजुरी देतंय कोन?" त्यानं बायकोच्या कानात विचारलं.

"कुनी न्हाई."

"आन् भाजी बी न्हाई खात."

"न्हाई."

हनुमंतानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि ओळीत जाऊन उभा राहिला.

मग भिमाच्या एका माणसाला ताप भरला. खाली फावडं मारायला हात कमी पडला. अनसाबाईनं पदर खोचला.

"बाईमानसानं हिरीत?" हनुमंत म्हणाला.

भिमाला शब्द ऐकू गेले नाहीत, पण हनुमंताच्या चेहऱ्यावरून कळलं. "वजन कमी हाय," तो मोठ्यानं म्हणाला. "बरंच हाय दोराला."

बादलीत एक पाय ठेवून, दोराला दोन्ही हातांनी धरून अनसाबाई खाली गेली. आधी बांधीव भिंत, घडीव दगडांची. मग मुरूम. मग काळा खडक. ऊन वर राहिलं, आवाज वर राहिले, आणि अंगाला गार हवा लागली; आतून येणारी, ओल्या मातीची. तिनं वर पाहिलं. आभाळ ताटाएवढं झालं होतं. त्याच्या कडेला नवऱ्याचं डोकं काळ्या ठिपक्यासारखं.

खाली पाय टेकल्यावर तिनं खडकाला हात लावला आणि तो तिथंच राहिला. सगळ्या खडकावर छिन्नीचे घाव होते. शेजारी शेजारी, एकाखाली एक, भिंतभर. प्रत्येक घाव बोटाएवढा. ती बोट घालून बघू लागली. एकेक घाव म्हणजे कुणाचा तरी एक फटका, घणाचा, घाम गाळून घातलेला. आणि ते डोळे पोचतील तिथवर वर गेले होते. कुणाची माणसं ही? कुणासाठी खणली त्यांनी? यारी नव्हती, सुरुंग नव्हता. पोटाला काय खात असतील? आपला सासरा, त्याची मेंढरं, साखरकाकीची घागर, जयसिंगरावांचे वाडवडील, सगळे ह्या बोटाएवढ्या घावांवर जगले. तिचे डोळे भरून आले, आणि का भरले ते तिला सांगता आलं नसतं. देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा तिला कधी असं झालं नव्हतं.

"बाई!" भिमानं हाक मारली. "गाळ भरायचाय."

*

राडारोडा संपला, गाळ संपत आला, आणि पहारीखाली टणटण वाजू लागलं. भिमानं सगळीकडं ठोकून पाहिलं. मग पहार खडकाला टेकवून उभा राहिला.

"तळ लागला," तो म्हणाला. "कोरडा हाय."

बातमी वर गेली असावी, कारण थोड्या वेळानं ताटाएवढ्या आभाळात आणखी एक डोकं आलं. जयसिंगराव. त्यांनी एक खडा टाकला. तो भिंतीला आपटत, ठक्‌ ठक्‌ करत खाली आला आणि अनसाबाईच्या पायापाशी पडून वाजला. कोरडा. डोकं निघून गेलं.

अनसाबाई गाळाच्या ढिगावर बसली. पुण्याची माणसं तिला दिसू लागली, हाताला फोड आलेली. त्यांना काय सांगायचं? आणि हा एवढा खड्डा मातीनं वरपर्यंत बुजवायचा. खांद्यातून कळ आली ती पाठीत उतरली.

"ह्या कोपऱ्यात थोडा राहिलाय," ती खुणेनं म्हणाली. खडकाच्या कपारीपाशी चिकट काळा गाळ होता, पाटीभर. भिमानं हात उडवला. काय फरक पडतो? पण अर्धवट काम टाकून वर जायची तिला सवय नव्हती. फावडं तिथं बसेना म्हणून ती हातानं गाळ ओढू लागली. गार होता. कोपरापर्यंत हात आत गेले. बोटांना एक दगड लागला, गुळगुळीत, परातीएवढा. तिनं तो ओढून काढला आणि पाटीत टाकला.

दगडातून मान बाहेर आली.

अनसाबाई किंचाळली. मागं सरकली ती खडकाला जाऊन टेकली. भिमा फावडं उचलून धावला आणि जागच्या जागी थबकला. पाटीत कासव होतं. चिखलानं माखलेलं. सुरकुतलेली मान लांब करून ते इकडं तिकडं बघत होतं, आणि त्याचे डोळे लुकलुकत होते.

"जित्तं हाय," भिमा म्हणाला. अगदी हळू. त्याच्या अर्ध्या कानाला स्वतःचंही ऐकू गेलं नसेल. त्यानं फावडं खाली ठेवलं, कासवाच्या पाठीला दोन बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

एवढी वर्षं. वर घराचं घर पडलं, पाचट पडलं, बैल पडला. ह्यानं खाली अंधारात श्वास धरून काय केलं असेल? काय खाल्लं असेल? अनसाबाईला वाटलं, आपण बोलू नये. ती गुडघ्यांवर तशीच त्याच्यासमोर बसून राहिली. कासवानं एक पाय बाहेर काढला, पाटीच्या पत्र्यावर घासला, पुन्हा आत घेतला.

मग ती उठली. कपारीकडं बघून तिनं भिमाला खूण केली. कासव जिथं होतं तिथं ओल असणारच. भिमानं मान हलवली. त्याच्याही मनात तेच आलं होतं. त्यानं पहार घेतली आणि कपारीतला उरलेला गाळ टोकरायला लागला. आत खडकाला चीर होती, हात जाईल एवढी, आणि तिच्यात माती घट्ट बसून दगडासारखी झालेली. तो उताणा झोपून ठोकत राहिला. मातीचे तुकडे त्याच्या तोंडावर पडत होते. एकदा पहार आत गेली ती गेलीच, अर्धी. भिमानं ती हिसका देऊन ओढली.

आधी हवा आली. उसासा टाकल्यासारखी. मग काही नाही. मग चिरेच्या ओठावर एक रेघ ओली झाली, रेघेचा थेंब झाला, थेंबाची धार झाली आणि धारेबरोबर लाल माती बाहेर पडू लागली. भिमा कुशीवर झाला. चिरेतून एकदम ढेकूळ सुटलं आणि मागून पाणी असं उसळलं की त्याच्या छातीवर आदळलं. तो ओरडत बाजूला लोळला. हसत होता की रडत होता कळत नव्हतं.

अनसाबाई हलली नाही. पाणी तिच्या पायाच्या बोटांना लागलं. गार, इतकं गार की हाडाला कळलं. आधी गढूळ होतं. मग बघता बघता निवळलं. घोट्याला आलं. तिला आपल्या पायाची नखं दिसत होती. ह्या माळाखाली, आपल्या पायाखाली, हे वाहत होतं. आपण नदीवरून घाण ओढत होतो, ऊस जळत होता, माणसं मरत होती, जन्मत होती, आणि हे इथं गप वाहत होतं.

वर यारीचं इंजिन बंद पडलं. भिमाचं ओरडणं ऐकून हनुमंत काठावर आडवा झाला होता.

"अगं! काय झालं? अगं बोल की!"

मग ती वाकली आणि पंजा उघडून पाण्यावर मारला. थपाक्‌! आवाज भिंतींवरून फिरत वर चढला. तिनं पुन्हा मारला. पुन्हा.

मग दगडांवर चपला फेकल्याचा आवाज आला. हनुमंत बादलीची वाट न बघता भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांवर पाय देत उतरत होता. पन्नाशीचा गडी. खाली पोचला तेव्हा पाणी पोटरीला आलं होतं. त्यानं ओंजळ भरली, पण प्यायला नाही. ओंजळीकडं बघत राहिला, बोटांच्या फटीतून पाणी गळून जाईपर्यंत. मग बायकोकडं बघून म्हणाला, "तू सांगितलंस ते बरं केलंस."

*

दोन दिवस खुटबाव माळावर लोटलं. माणसं यायची, काठावरून वाकून बघायची. जयसिंगराव आले, बराच वेळ उभे राहिले. जाताना हनुमंताला म्हणाले, "मोटर बसवायची तवा सांग. दोघं मिळून बसवू. आन् काठाला जाळी लावली पाह्यजे." संध्याकाळी त्यांच्या घरून दोन भाकरी आणि ठेचा आला, तसं पूर्वी कधी आलं नव्हतं.

भिमानं टबात ठेवलेलं कासव बादलीतून खाली सोडलं. ते पाण्याला लागलं आणि एका क्षणात दिसेनासं झालं.

अनुपमानं बाटल्या भरून पाणी तपासायला नेलं. रिपोर्ट येईस्तोवर कुणी पिऊ नका, असं तिनं बजावलं. साखरबाई तोवर तांब्याभर पिऊन बसली होती. "मला ह्या वयात कसला रिपोट?" ती म्हणाली. चार दिवसांनी फोन आला, पाणी चांगलं होतं. उसाला पुरेल असं नव्हतंच. भाजीच्या तुकड्याला पुरेल एवढं. हनुमंतानं हिरीखालचा आपला ऊस मोडायचं ठरवलं. एक दिवस उसाच्या कडेनं हिंडला, आणि दुसऱ्या दिवशी नांगर घेऊन गेला. गवार, भेंडी आणि दोडका नव्या पाण्यावर लावला. पुण्यातली काही घरं परत आली नाहीत. कडेवर मूल असलेली ती बाईही नाही. बाकीची थांबली होती.

दोडक्याचे वेल मांडवावर चढू लागले तेव्हा एका रविवारी ती सगळी आली. पिशव्या अजून सुरू व्हायच्या होत्या. काठाभोवती जाळीला हात लावून माणसं उभी राहिली. पाणी निम्म्या हिरीपर्यंत चढलं होतं, निळं-काळं, स्थिर. काठीवाले म्हातारे कितीतरी वेळ वाकून बघत होते. त्यांना दोघांनी धरून मागं घेतलं.

"चला खाली," अनसाबाई अनुपमाला म्हणाली.

"मी? मला भीती वाटते, मावशी."

"मला बी वाटली हुती. हात धरा."

एकीमागं एक, दगडाला पाठ घासत, पायानं पुढचा दगड चाचपत त्या उतरल्या. अनुपमाचा हात घामानं ओला होता आणि तिच्या तळव्याला फोडांच्या जागी घट्टे पडू लागले होते. पाण्याच्या वरच्या शेवटच्या दगडावर दोघी बसल्या. पाय पाण्यात सोडले. गारव्यानं अनुपमानं श्वास ओढून घेतला. वर माणसांची डोकी आभाळाच्या कडेला गोल मांडल्यासारखी दिसत होती. अनुपमा काहीतरी म्हणणार होती. अनसाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला.

"थांबा. ऐका."

दोघी गप्प बसल्या. आधी आपल्याच छातीची धडधड. मग ती विरली. आणि मग खोल खालून, पाण्याच्या पोटातून, खडकाच्या त्या चिरेतून, एक बारीक, न थांबणारा आवाज येऊ लागला. हीर भरत होती.